कानापासून आत

आमची लेक कानाच्या पहिल्या परीक्षेत नापास झाली, तेव्हा मी परीक्षकाशी भांडलो. ते होणारच होतं. मी कामोठ्यात अकरावी-बारावीच्या मुलांचे फिजिक्सचे क्लास घेतो आणि क्लासवाल्या माणसाला निकाल मनासारखा लागला नाही की पेपरात चूक दिसायला लागते. त्यातून परीक्षा ध्वनीची, म्हणजे माझ्या घरचा विषय. तरंगलांबी, वारंवारता, अनुनाद हे सगळं मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आलोय की डोळे मिटूनही साइन वेव्ह सरळ काढतो. असा मी, आणि माझ्याच मुलीच्या कानाचा रिपोर्ट ‘रेफर’?

लेक महिनाभर आधीच जन्माला आली होती. वजन कमी म्हणून काही दिवस काचेच्या पेटीत राहिली, मग कावीळ चढली म्हणून निळ्या दिव्याखाली. घरी सोडायच्या आदल्या दिवशी एक मुलगी हातात मावेल एवढं मशीन घेऊन आली, लेकीच्या कानात रबराचं इवलंसं बूच बसवलं, बटण दाबलं आणि दोन्ही कानांना ‘रेफर’ लिहिलं.

“रेफर म्हणजे?” मी विचारलं.

“परत करावी लागेल, सर. पुष्कळ बाळांचं असं होतं. कानात जन्माच्या वेळचं पाणी असतं कधीकधी.”

“पाणीबिणी सोडा. बाहेर ट्रॉली खडखडतेय, एसी घरघरतोय. एवढ्या बॅकग्राउंड नॉइजमध्ये कुठलंही रीडिंग चुकणारच. मशीनचं कॅलिब्रेशन कधी केलंय?”

खाटेवरून बायको म्हणाली, “तिला तिचं काम करू दे ना रे.” बायको तळोज्याला एका रंगाच्या कंपनीत क्वालिटी लॅबमध्ये आहे. दिवसभर ती दुसऱ्यांच्या नमुन्यांना नापास करते, त्यामुळे तिची सहानुभूती कायम नापास करणाऱ्याकडे असते.

महिन्याभरानं तीच टेस्ट परत झाली आणि दोन्ही कान पास झाले. मी मजल्यावरच्या सगळ्या घरांत पेढे वाटले. शेजाऱ्यांना पेढ्यासोबत नॉइजचा सिद्धांतही दिला. पेढे संपले, सिद्धांत उरला.

मग डॉक्टर म्हणाले, बाळ आधी जन्मलंय, कावीळही बरीच चढली होती, तर एकदा ‘बेरा’ करून घ्या. ही टेस्ट कानाच्या पुढची. कान आवाज घेतो की नाही हे पहिल्या मशीनवर कळतं. तो आवाज नसेतून मेंदूकडे नीट जातो की नाही हे बेरावर. मला ही निव्वळ औपचारिकता वाटली. खरं सांगायचं तर मी खूश होतो, कारण पडद्यावर वेव्ह्ज दिसणार होत्या.

वाशीतल्या त्या दवाखान्यात ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी झोपलेल्या लेकीच्या कपाळावर आणि कानांमागे छोट्या पट्ट्या चिकटवल्या, वायरी जोडल्या, कानात टिकटिक सुरू केली. मी खुर्ची ओढून मॅडमच्या खांद्यामागे बसलो. पडद्यावर हिरव्या रेषा वरखाली नाचत होत्या. मी खालच्या आवाजात, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “वा! फारच छान वेव्ह्ज येतायत.”

मॅडम मागे न वळता म्हणाल्या, “तो नॉइज आहे, सर. वेव्ह्ज अजून दिसत नाहीयेत.”

त्यांनी आवाज वाढवला. रेषा तशाच. दुसरा कान झाला. तोही तसाच. शेवटी त्यांनी पट्ट्या काढल्या, लेकीच्या कपाळावरचा जेल पुसला आणि आम्हाला समोर बसवलं.

“कान आवाज घेतायत. ते आधीच्या टेस्टमध्ये दिसलंय. पण कानापासून आत, मेंदूच्या देठापर्यंत जो संदेश जायला हवा, तो जातोय असं स्पष्ट दिसत नाहीये. तुटक काहीतरी आहे, तेही उशिरा.”

“म्हणजे बिघाड आहे?” बायकोनं विचारलं.

“आज सांगता येत नाही. बाळ जन्माला येतं तेव्हा या नसा पूर्ण तयार नसतात. त्यांच्यावर एक स्निग्ध आवरण चढायचं असतं, मायलिन म्हणतात. ते जसं चढत जातं तसा संदेश वेगानं आणि एकसंध जायला लागतो. आधी जन्मलेल्या, कावीळ झालेल्या काही बाळांना त्याला जास्त वेळ लागतो. काहींचं आपोआप जुळतं. काहींचं जुळत नाही, मग आपण पुढचे उपाय करतो. सहा महिन्यांची झाली की परत बघू. तोवर तिच्याशी बोलत राहा. भरपूर बोला.”

मी भौतिकशास्त्राचा माणूस. मला ‘आज सांगता येत नाही’ हे उत्तर चालत नाही. आमच्याकडे प्रश्नाखाली चार पर्याय असतात आणि त्यातला एक बरोबर असतो. परतीच्या रिक्षात बायको लेकीला छातीशी धरून बसली होती. मी मात्र रिक्षावाल्याला केबलमध्ये सिग्नल क्षीण कसा होत जातो ते समजावत होतो. खारघर येईपर्यंत त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, “साहेब, रेंजचा प्रॉब्लेम असेल तर सिम बदलून बघा.”

घरी आल्यावर एकच शब्द माझ्या डोक्यात राहिला होता. स्निग्ध. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे स्निग्ध म्हणजे तूप. आईला फोन केला. कारण सांगितलं नाही, फक्त म्हणालो की बाळंतिणीला तूप कमी पडतंय. आईचा तो अपमान झाला आणि आठवड्यात गावाहून तुपाची किटली आली. मग भातावर तूप, भाकरीवर तूप, लाडू आळिवाचे, डिंकाचे, नुसत्या तुपाचे. तर्क साधा होता. तूप बायकोच्या पोटात, तिथून दुधात, दुधातून लेकीच्या पोटात आणि तिथून थेट नसांवर. मधली स्टेशनं मी गाळली होती.

एक दिवस बायकोनं ताट पुढं सरकवलं. “आवरण तिच्या नसांवर चढायचंय. तू माझ्या कमरेवर चढवतोयस.”

“मॅडमनीच सांगितलं ना, स्निग्ध...”

“मॅडमनी बोलायला सांगितलंय. जे सांगितलं ते सोडून सगळं करतोयस.”

तूप वाया कसं घालवायचं म्हणून उरलेलं मी संपवलं. त्या वर्षी माझ्या रक्तात जे काही वाढलं त्याचा रिपोर्ट वेगळा आहे आणि त्यात पर्याय एकच होता.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच राहत होत्या. त्यांचं गाव खाडीकाठचं, आता चारी बाजूंनी टॉवर उठलेत, तरी त्यांची बोली जशीच्या तशी. लेक त्यांच्या मांडीवर असली की त्या तिच्याशी अखंड बोलत. मासळीचा भाव काय चाललाय, कोणाच्या सुनेनं काय केलं, सगळं. मला वाटायचं, यांना परिस्थितीचं गांभीर्य कळलेलं नाही. मी त्यांना मायलिन समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, “जावय, आमच्यात कोनी बहिरा नाय. तुमच्यात हाय का?” मला आमचे एक चुलत आजोबा आठवले आणि मी विषय बदलला.

आणि मग मी प्रयोग सुरू केले. क्लासमधून ट्यूनिंग फोर्क आणला. लेक पाठीवर पडून पंख्याकडे बघत असायची. मी मागून रांगत जायचो आणि तिच्या डाव्या कानाजवळ फोर्क वाजवायचो. ती पंख्याकडेच बघायची. मग उजव्या. पंखाच. एकदा तिनं झटकन मान वळवली. मी ओरडलो, “ऐकलं! ऐकलं तिनं!”

बायको दारात उभी होती. “तुझी सावली पडली भिंतीवर.”

मग मी दिवा विझवून टाळी वाजवली. लेक दचकली. मी बायकोकडे बघितलं.

“टाळीचा वारा लागला तिला,” ती म्हणाली. “एवढ्या जवळून वाजवलीस तर मीपण दचकेन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, हे तुला मी सांगायचं?”

वाईट याचं वाटायचं की तिचं बरोबर असायचं. लेकीचं बाकी सगळं चालू होतं. गालाला बोट लावलं की तोंड तिकडे वळायचं. बायकोचा दुपट्टा जवळ आला की हातपाय हलायचे. संध्याकाळी तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की ती नाक मुरडायची, तेव्हा मी हर्षानं म्हणालो होतो, “बघ, नाकाची लाईन एकदम ओके आहे.”

“त्या वासाला मढंसुद्धा नाक मुरडेल,” बायको म्हणाली. “मला विचार, मी तिथं नोकरी करते.”

टाळीच्या वाऱ्याचा मुद्दा खोडायचा म्हणून मी लांबून, बाहेरच्या खोलीतून आवाज करायचं ठरवलं. लांबून म्हणजे मोठा हवा. स्टीलची परात आणि लाटणं घेतलं. रोज संध्याकाळी क्लासला जाण्याआधी मी परात बडवायचो आणि बायको आत लेकीकडे बघून सांगायची, “नाही.” पुन्हा बडवायचो. “नाही.” तिचा तो ‘नाही’ शब्द दिवसेंदिवस बारीक होत गेला. मी मात्र जोर वाढवत गेलो.

आमच्या खालच्या मजल्यावर गोदीतून रिटायर झालेले एक काका राहतात. ते जिन्यात भेटले.

“सर, घरी काही पूजा वगैरे चालू आहे का? रोज संध्याकाळी थाळीचा आवाज येतो.”

खरं सांगायला काय हरकत होती? पण माझ्या तोंडून निघालं, “हो. म्हणजे, छोटीशीच. घरगुती.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात काका आणि काकू. काकांच्या अंगात इस्त्रीचा झब्बा, काकूंच्या हातात हार, फुलं आणि नारळ. मी दुसऱ्या बाजूला परात आणि लाटणं घेऊन उभा.

“म्हटलं, घरगुती असली तरी दर्शन घ्यावं,” काका म्हणाले आणि चपला काढल्या.

काकू हार घेऊन देव शोधत खोलीभर बघायला लागल्या. मी परात पाठीमागे लपवली. परात लपत नाही. आतून बायको आली. तिनं दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगून टाकलं की पूजा नाही, बाळाला ऐकू येतं का ते आम्ही बघतोय. मला वाटलं, आता ‘अरेरे’ सुरू होणार. काकू हार मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या. काकांनी चष्मा वरखाली केला.

“मग बडवा की,” ते म्हणाले. “आमची काही हरकत नाही. फक्त सातची सिरियल तेवढी... नाहीतर असं करा ना, सात वाजता आम्हीच टीव्ही बंद ठेवतो.”

त्या माणसानं टीव्ही बंद ठेवायची तयारी दाखवली आणि माझा हातच गळाला. त्यांनी नारळ आमच्या देव्हाऱ्यापाशी ठेवला, हार आमच्या साध्याशा गणपतीच्या तसबिरीला घातला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. परात मी फळीवर ठेवून दिली. ती पुन्हा काढली नाही.

परातीबरोबर आणखी एक गोष्ट बंद झाली होती, ती मला कळली नाही. बायकोला कळली. एका सकाळी मी लेकीला खांद्यावर टाकून गॅलरीत फेऱ्या मारत होतो. बायको कपडे वाळत घालत होती.

“तू हल्ली तिच्याशी काहीच बोलत नाहीस.”

“बोलतो की.”

“नाही बोलत. उचलतोस, खांद्यावर टाकतोस, फिरवतोस, ठेवतोस. आधी किती बडबडायचास. मला वैताग यायचा.”

मी दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणालो, “तिला ऐकूच येत नसेल तर...”

हे वाक्य तोवर आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. बायकोचा हात दोरीवरच थांबला. मला वाटलं, आता ती रडेल किंवा मला काहीतरी फेकून मारेल. तिनं लंगोट झटकला, चिमटा लावला आणि म्हणाली, “तुझ्या बारावीच्या पोरांना तरी कुठं काय ऐकू येतं? त्यांच्याशी बोलतोसच ना तासन्‌तास?”

मला हसू फुटलं. हसता हसता त्या हसण्याचं मध्येच भलतंच काहीतरी झालं आणि मला चष्मा काढावा लागला. खांद्यावर लेक असल्यानं तो पुसताही येईना. बायकोनं तो माझ्या हातातून घेतला, ओल्या दुपट्यानंच पुसला आणि परत माझ्या नाकावर बसवला. त्यामुळे मला आधीपेक्षा कमी दिसायला लागलं, पण ते बोलण्याची ती वेळ नव्हती.

त्या दिवसापासून मी बोलायला लागलो. अडचण अशी की बाळाशी काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. ‘अले माझं सोनुलं’ मला जमत नाही. माझ्या तोंडी ते शब्द धमकीसारखे येतात. तेव्हा मी जे येतं ते बोललो. तिला आंघोळीआधी तेल लावताना गतीचे नियम सांगितले. पाळण्यात झोका देताना सरल आवर्त गती तर डोळ्यांसमोरच होती. ऊर्जा अक्षय्य असते हे सांगताना ती माझ्या तोंडाकडे इतकी टक लावून बघायची की असा विद्यार्थी मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. ध्वनीचा धडा मात्र मी गाळला. तो ऑप्शनला टाकला.

घटना घडली ती मी नसताना. मी क्लासवर होतो. घरी सासूबाईंनी काका-काकूंनी ठेवलेला तो नारळ फोडला आणि स्वयंपाकघरात विळीवर खवायला बसल्या. लेक बाहेरच्या खोलीत चटईवर पालथी होती, बायको समोर घड्या घालत होती. खवणीचा खर्र खर्र आवाज सुरू झाला आणि लेकीनं मान वर उचलून स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली. सासूबाई थांबल्या. लेक परत चटईकडे. खर्र. परत मान.

मी घरी आलो तर दोघी मायलेकी दारातच.

“जावय, पोर आयकते!” सासूबाई म्हणाल्या. “खवनीचा आवाज आला का बगते.”

मी चपला काढायच्या आधी पहिला प्रश्न विचारला तो असा: “तुमची सावली पडत होती का?”

“मी आतमंदी, ती भायेर. सावली काय भितीतून जाते?”

“वास आला असेल. ओल्या नारळाचा.”

सासूबाईंनी लेकीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे असं बघितलं की या लग्नाला आपण हो का म्हटलं होतं, हा प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला.

मला पुरावा हवा होता. उरलेली वाटी खवायला लावली. लेकीनं एकदा बघितलं, की मला तसं वाटलं. मी खाली जाऊन आणखी नारळ आणला. तो खवेपर्यंत लेक कंटाळली, तिनं मूठ तोंडात घातली आणि दाराकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी आणखी नारळ आणायला निघालो तेव्हा सासूबाईंनी विळी आडवी केली.

“आता बास. माजा हात गेला. तिनं आयकलं, मी बगलं. तुमाला नाय पटत तर तुमी खवा.”

मी खवला. लेकीनं नाही बघितलं. पण बोटाला विळी लागली तेव्हा मी जे ओरडलो, त्या आवाजासरशी लेक दचकली आणि भोकाड पसरून रडायला लागली. बायको बाहेरच्या खोलीत होती, मी आत, मध्ये भिंत. वारा नाही, सावली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदललेली.

बायको माझं बोट बघायला आली नाही. ती रडणाऱ्या लेकीला उचलून, “रड, रड गं बाई,” म्हणत स्वतःच रडत होती. पुढचे अनेक दिवस आमच्याकडे सोलकढी, नारळाच्या वड्या आणि नारळभात होता.

पण घरातला दचका म्हणजे निकाल नव्हे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. काही आवाज पोचतोय एवढंच. किती, कसा, बोलणं समजण्याइतका की नुसता धडधडाट, ते कुठं ठाऊक होतं? दुसऱ्या बेराचा दिवस आला. सूचना होती: बाळ टेस्टच्या वेळी झोपलेलं हवं, म्हणून आधी जागं ठेवा. ही सूचना लिहिणाऱ्यानं सहा महिन्यांचं बाळ गारेगार कॅबमधून कामोठ्याहून वाशीला कधी नेलेलं नसावं. गाडी हायवेला लागताच लेकीचे डोळे मिटायला लागले. मी तिच्या तळव्यांना गुदगुल्या केल्या, माकडाची तोंडं केली, तरी मिटतात म्हटल्यावर कोंबड्याचा, बकरीचा आणि बेडकाचा आवाज काढला. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि गाण्याचा आवाज वाढवला. बेलापूर, नेरूळ, सानपाडा अशी सगळी जनावरं संपवत आम्ही पोचलो तेव्हा लेक टक्क जागी होती आणि मी अर्धमेला.

टेस्टच्या खोलीत अंधुक उजेड, भिंतींना मऊ आवरण, बाहेरचा एकही आवाज नाही. बायको लेकीला पाजत, थोपटत बसली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकलो, फक्त पाठ सरळ करायला.

पुढचं मला आठवतं ते मॅडमचा हात माझ्या खांद्यावर. “सर,” त्या कुजबुजल्या, “तुम्ही जरा बाहेर बसता का? तुम्ही घोरताय. बाळ आत्ता कुठं झोपलंय.”

ज्या माणसानं पहिल्या दिवशी बॅकग्राउंड नॉइजवर व्याख्यान दिलं होतं, त्याला त्याच कारणासाठी खोलीतून काढण्यात आलं. मी कॉरिडॉरमध्ये बसलो. समोरच्या बाकावरची बाई मला पेशंट समजून सरकून बसली.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला आत बोलावलं. बायकोच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिला निकाल तोंडावर न दाखवायची नोकरीची सवय आहे. मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला.

“हे बघा. गेल्या वेळी जे नव्हतं ते आलंय. हे छोटे उंचवटे एकामागून एक. आवाज कानातून निघून वरवर जातोय, त्याचे टप्पे. उजव्या कानाचे चांगले आहेत. डाव्याचे अजून उशिरा येतायत, पण येतायत.”

मला त्या उंचवट्यांकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी एका उंच, देखण्या शिखरावर बोट ठेवलं. “हा सर्वांत चांगला दिसतोय.”

“ते तुम्ही आत असतानाचं रेकॉर्डिंग आहे, सर. ते बाद केलंय.”

बायकोनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय हे मला खांद्यांवरून कळलं. मॅडम म्हणाल्या की नसा तयार होतायत असं दिसतंय, पण आपण सोडायचं नाही, वर्षाची झाली की तिला समोर बसवून आणखी एक टेस्ट करू. तोवर बोलत राहा.

बोलत राहिलो. मधल्या महिन्यांत लेक बसायला लागली, रांगायला लागली, ‘बाब्बा’ म्हणायला लागली. हे ती मला म्हणत नव्हती. मिक्सरला, कावळ्याला आणि दारावर आलेल्या कुरियरवाल्यालाही तेच म्हणायची. पण आवाज ऐकून आवाज काढतेय, म्हणून बायको रोज थोडी सैल होत गेली. मी उलटा. निकाल चांगला यायची शक्यता वाढली तसा मी जास्त घाबरायला लागलो. क्लासमध्ये ध्वनीचा धडा आला तेव्हा मुलांना म्हणालो, हा धडा घरी वाचा, सोपा आहे. इतक्या वर्षांत मी असं कधी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या टेस्टच्या दिवशी झोपेची भानगड नव्हती. काचेची एक छोटी खोली, आत एक खुर्ची, दोन्ही बाजूंना स्पीकर आणि प्रत्येक स्पीकरजवळ एक काळा डबा. डब्यात खेळणं. बाळानं आवाजाच्या दिशेला मान वळवली की त्या डब्यात दिवा लागतो आणि आतलं माकड झांजा वाजवतं. ते बाळाचं बक्षीस. बाळ मांडीवर घेऊन आत कोणी बसायचं, हे विचारल्यावर बायकोनं माझ्याकडे बोट केलं. “तो बसू दे. त्याला बाहेर ठेवलं तर तो तुम्हाला शिकवत बसेल.”

मॅडमनी माझ्या कानांवर मोठे हेडफोन बसवले. “तुम्हाला यात सतत खरखर ऐकू येईल. बाहेरचा आवाज तुम्हाला ऐकू येता कामा नये, नाहीतर नकळत तुम्हीच हलाल आणि बाळ तुमच्या हलण्यावरून वळेल. अजिबात हलायचं नाही. बोलायचं नाही.”

दार बंद झालं. कानात धबधब्यासारखी खरखर. त्यापलीकडे काहीच नाही. काचेपलीकडे बायकोचे ओठ हलताना दिसत होते, मॅडम बटणांशी काही करत होत्या, आणि माझ्या मांडीवर लेक बसली होती. मला फक्त तिचा माथा दिसत होता, टाळूजवळचा एक भोवरा आणि दोन कान, समोरून उजेड आल्यानं गुलाबी.

काही झालं नाही. मग तिची मान उजवीकडे वळली. डब्यात दिवा लागला, माकडानं झांजा वाजवल्या. मला त्या ऐकू आल्या नाहीत. पुन्हा काही नाही. मग मान उजवीकडे. माकड. मग बराच वेळ ती स्वतःच्या पायाच्या बोटांशी खेळत राहिली. आवाज सोडलाय आणि तिला ऐकू आला नाही, की अजून सोडलाच नाही? विचारायची सोय नव्हती. मी काचेकडे बघितलं. बायको माझ्याकडे बघतच नव्हती, ती लेकीकडे बघत होती. मग मीही तेच केलं. त्या लहानशा मानेवर नजर ठेवून बसलो. मान डावीकडे वळली. सावकाश, जरा विचार करून वळल्यासारखी, पण वळली. दिवा लागला. थोड्या वेळानं पुन्हा डावीकडे, या वेळी चटकन. माझे हात तिच्या पोटावर होते आणि प्रत्येक वेळी मान वळण्याआधी तिचा श्वास क्षणभर थांबतो, हे मला बोटांना कळायला लागलं. ती ऐकत होती तेव्हा श्वास धरत होती.

केव्हातरी दार उघडलं. मॅडम आत आल्या, मागोमाग बायको. मॅडम माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या. लांबलचक बोलल्या. बायको हसली, तिनं डोळे पुसले. मीही मान डोलावली. मॅडम आणखी काही म्हणाल्या. मी पुन्हा मान डोलावली आणि मग न राहवून विचारलं, “काय म्हणालात?”

बहुधा मी फारच मोठ्यानं ओरडलो. लेकीनं गर्रकन वळून माझ्याकडे बघितलं आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला. बायकोनं पुढं होऊन माझ्या डोक्यावरचे हेडफोन काढले.

“दोन्ही कान,” ती म्हणाली. “दोन्ही कान ठीक आहेत. तिसऱ्यांदा सांगतायत त्या.”